उणे एकसष्ट

घडले ते असे.

१. फळ्यांच्या कारखान्याच्या मागच्या आवारात हवा मोजणारे एक यंत्र आहे. भुसा आणि डिंक दाबून फळ्या करताना एक वायू सुटतो, ज्याने डोळे चुरचुरतात. तो हे यंत्र मोजते. सहा वर्षे मापन कार्यालयातर्फे त्याची देखभाल माझ्याकडे होती.

२. असे यंत्र दर सहा महिन्यांनी शून्यावर आणावे लागते. त्याला अगदी स्वच्छ हवा द्यायची आणि सांगायचे, हे शून्य. ही हवा सीलबंद सिलिंडरमधून येते.

३. पहिल्याच वर्षी सिलिंडर येणे बंद झाले. मापन कार्यालयाच्या साहेबांनी लेखी कळवले, ‘स्थानिक स्वच्छ हवा वापरावी.’ मी यंत्राच्या खोलीमागून नळी काढली आणि आवारातली हवा वापरली.

४. असे अकरा वेळा केले. प्रत्येक वेळी आवारातली हवा मागच्यापेक्षा खराब होती आणि प्रत्येक वेळी मी यंत्राला सांगितले, हे शून्य. अकरा सह्या माझ्या आहेत.

५. यंत्राचा आकडा चौकातल्या फलकावर आणि गावकऱ्यांच्या फोनवरच्या ॲपमध्ये दिसतो. दहाच्या आत असला की हिरवा. त्याचा प्रोग्रॅम मी लिहिला. त्यात एक ओळ आहे: आकडा शून्याखाली गेला तर शून्य दाखव. रविवारी कारखाना बंद असतो, तेव्हा आकडा शून्याखाली जात होता. ती ओळ नसती तर शाळकरी मुलालाही कळले असते की काहीतरी चुकते आहे.

६. गेल्या वर्षी २१ सप्टेंबरला पंखा बदलण्यासाठी यंत्र बाहेर काढले. बदलून झाल्यावर ते टेकडीवर, वरच्या बागेत, आईच्या मधमाश्यांच्या पेट्यांशेजारी, स्टुलावर ठेवून चालू केले. पडद्यावर आकडा आला: उणे एकसष्ट.

७. हवेत तो वायू अजिबात नसला तर शून्य येते. त्याहून स्वच्छ हवा नसते. म्हणजे मी ज्याला शून्य म्हणत होते ते एकसष्ट होते.

८. मी लेखी कळवले. मला कामावरून काढले. नवे यंत्र आणले आणि आवारातल्याच हवेवर शून्य केले.

९. मी चौकशी समितीकडे गेले. कारखान्याचे तिथले म्हणणे: सिलिंडरमधली हवा माणसाने केलेली असते, निसर्गात तशी कुठेच नसते, या खोऱ्याची नैसर्गिक हवाच एकसष्टची आहे. समितीने ठरवले की ४ मार्चपासून सात दिवस वरच्या बागेत मोजायचे. जागेच्या मालकाची लेखी परवानगी लागेल. मालक मी आहे.

१०. १८ फेब्रुवारीला माझी शस्त्रक्रिया आहे. नाकामागच्या पोकळीत गाठ आहे. मी टेबलावरून परत येण्याची शक्यता डॉक्टरांनी दहात सात सांगितली. उरलेल्या तिनांसाठी हा कागद आहे.

मी, खाली सही करणारी, वय तेहेतीस, अविवाहित, मापनयंत्रांची तंत्रज्ञ, हे माझे पहिले आणि बहुधा शेवटचे मृत्युपत्र लिहिते आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मी कुणाच्या दडपणाखाली नाही. दडपण आणायला दोघे आले होते, त्यांना मी दार उघडले नाही. यापूर्वी मी कुणाला तोंडी काही कबूल केले असेल तर ते रद्द समजावे. हे अमलात आणण्याचे काम वकीलबाईंनी करायचे आहे. त्यांनी होकार दिला आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते. गाठीचा आणि कारखान्याचा संबंध मी या कागदात जोडत नाही. डॉक्टरांनी ‘नाकारता येत नाही’ असे शब्द वापरले. नाकारता येत नाही म्हणजे सिद्ध झाले असे नाही. माझ्यामागे कुणी माझा फोटो चौकात लावून तसे ओरडू नये. सिद्ध करता येण्यासारखी एक गोष्ट आपल्याकडे आहे, तिच्यासाठी ओरडा.

कलम पहिले. घर.

खालच्या रस्त्यावरचे घर आईच्या नावावर आहेच. त्यातली मागची खोली मी वापरते. तिथले टेबल, दिवा, कपाट आणि पलंग आईचे. खिडकीला मी जाड प्लास्टिकची पट्टी चिकटवली आहे, ती काढून टाकावी.

पट्टी का चिकटवली ते लिहिते, कारण हे आईला कधी सांगितलेले नाही. चार वर्षांपूर्वी एका सकाळी आई खिडकीत उभी राहून म्हणाली, “आज हवेला वास येतोय गं. रंगाच्या डब्यासारखा.”

मी जोडे घालत होते. म्हटले, “मला नाही येत.”

“अगं, घशाला लागतोय.”

मी फोन तिच्या डोळ्यांसमोर धरला. “बघ. चार. हिरवा. मशीनलाही येत नाही आणि मलाही येत नाही. तुझ्या एकटीच्या नाकाचं ऐकायचं का?”

आई हसली. “नाही बाई. तू शिकलेली.”

यानंतर आईने वासाबद्दल तक्रार केली नाही. तिने खिडकी उघडण्याआधी फोन बघायला सुरुवात केली. आज ती सदुसष्ट वर्षांची आहे. आयुष्यभर पाऊस यायच्या आधी तासभर दोरीवरचे कपडे काढणारी बाई आता मला विचारते, “उघडू का गं? काय म्हणतंय ते?” वास येऊन तिच्या डोळ्यांत पाणी असते आणि फोनवर हिरवा असतो, तेव्हा ती फोनचे ऐकते. मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. कुणा बाहेरच्याने तिला वेड्यात काढले असते तर मी त्याचे नरडे धरले असते.

मला वास येत नव्हता हे खरे होते. त्याचे कारण गाठ होती. वास येत नाही हा मी यंत्राला मिळालेला दुजोरा समजले. दोन बिघडलेली साधने एकमेकांना खरे ठरवत होती आणि तिसरे चांगले होते, ते आम्ही गप्प केले. हे उणे एकसष्टनंतर कळले, तेव्हा मी पट्टी चिकटवली.

सूचना: आईच्या फोनवरून ते ॲप काढून टाकावे. खिडकी केव्हा उघडायची ते तिला विचारावे. ती म्हणेल, मला काय कळतंय. तरी विचारावे. रोज विचारावे.

कलम दुसरे. मधमाश्या.

वरच्या बागेत बारा पेट्या होत्या. आता पाच आहेत. त्या आईच्या आहेत, माझ्या नाहीत, म्हणून त्या मी कुणाला देऊ शकत नाही. त्या बागेतून हलवू नयेत एवढेच या कलमात लिहिते.

चौथ्या पेटीबद्दल मात्र मी काही देणे लागते. दादाने आईच्या वाढदिवसाला प्रत्येक पेटीत बसवायची उपकरणे आणली. वजन, तापमान, सगळे फोनवर. “आता टेकडी चढायची गरज नाही, आई. घरात बसून बघ.” ती मीच बसवली. त्याआधी आई रोज चढायची, पेटीला कान लावायची आणि बोटाने दोनदा टकटक करायची. आतून गुणगुण चढली की लगेच उतरते, की तशीच राहते, यावरून राणी आहे की नाही ते ती सांगायची. माझ्याकडे तेवढे अचूक साधन तेव्हाही नव्हते आणि आजही नाही.

त्या उन्हाळ्यात फोनवर चौथ्या पेटीचे तापमान एकोणीस दिवस चौतीस पूर्णांक पाच होते. आई म्हणायची, “चारवाल्या अगदी शहाण्या. बघ, जराही इकडे तिकडे नाही.” विसाव्या दिवशी चढलो तेव्हा पेटीच्या तळाशी बोटभर मेलेल्या माश्यांचा थर होता. उपकरणाचा सिग्नल तुटला होता आणि फोन शेवटचा आकडा दाखवत बसला होता. एकोणीस दिवस आकडा जराही हलत नाही, ही गोष्ट माझ्यासारख्या तंत्रज्ञाला खटकायला हवी होती. मी पाहतही नव्हते.

आई पेटीजवळ बसून राहिली. मला वाटले रडेल. ती म्हणाली, “मी यायला हवं होतं. टकटक केली असती तर कळलं असतं.” त्या दिवसापासून ती पुन्हा चढते, पण कान लावत नाही. म्हणते, आता ऐकू येईल याची खात्री वाटत नाही.

उपकरणे काढून दादाला परत द्यावीत. बारा आहेत. मोजून घ्यावीत.

कलम तिसरे. हत्यारे.

माझी हत्यारांची पेटी, प्रवाहमापक, दोन मल्टीमीटर आणि तांब्याच्या नळ्या मी माझ्याबरोबर काम करणाऱ्या मेकॅनिकला देते, ज्याला सगळे ‘पाना’ म्हणतात. पानाने मला पाच वर्षांपूर्वी विचारले होते, “मॅडम, आवाराची हवा घेऊन आवाराचीच मोजायची, म्हणजे आपलंच माप आपल्यालाच लावल्यासारखं नाही का?” मी त्याला म्हटले, “नळी घट्ट बसव.” त्याने घट्ट बसवली. मला काढले त्या दिवशी साहेबांनी त्याला बोलावले, तेव्हा तो खाली बघत उभा राहिला आणि तो प्रश्न त्याने त्यांना विचारला नाही. माझा त्याच्यावर राग आहे. तरी प्रश्न विचारणारा तो एकटा होता, म्हणून हत्यारे त्याची. पेटीच्या झाकणात त्याचा तो प्रश्न तारखेसह लिहून चिकटवला आहे. समितीने विचारले तर त्याने तो मोठ्याने वाचावा, एवढी इच्छा आहे. अट नाही.

कलम चौथे. मापन कार्यालयाचे साहेब.

साहेबांना मी काहीही देत नाही. हे कलम मुद्दाम घातले आहे. नजरचुकीने राहून गेले असे त्यांना वाटू नये.

उणे एकसष्टचा कागद घेऊन मी त्यांच्या खोलीत गेले होते. खोलीत दोन खिडक्या आहेत, दोन्ही कायमच्या बंद, आणि कोपऱ्यात हवा शुद्ध करणारे मोठे यंत्र चालू असते. त्यांनी कागद सरळ धरला, उलटा धरला, खाली ठेवला.

“उणे म्हणजे तर चांगलंच ना?”

मी समजावून सांगितले. बारा मिनिटे लागली. ते ऐकत होते, कारण मध्ये एकदाच त्यांनी फोन पाहिला.

“म्हणजे चूक तुमची.”

“हो. आणि आदेश तुमचा.”

“आदेशात ‘स्वच्छ’ हवा म्हटलंय. तुम्ही घाण घेतलीत. सही कुणाची आहे?”

“माझी.”

“मग बाई, आकडे लोकांना घाबरवतात. सहा वर्षं गाव हिरव्यात शांत झोपतंय. तुम्हाला त्यांची झोप मोडून काय मिळणार?”

त्यांच्या खोलीतल्या शुद्धीकरण यंत्राची गाळणी दर तीन महिन्यांनी बदलतात. शिपाई ती काळी झालेली गाळणी मागच्या कचराकुंडीत टाकतो. मी तशा दोन गाळण्या उचलून आणल्या, वजन केले आणि तारीख घालून समितीला दिल्या. वायू त्याने सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. साहेबांना काय माहीत होते, ते सिद्ध होते.

कलम पाचवे. बचत.

बँकेत जे असेल त्यातून आधी आईच्या औषधांची वर्षभराची तजवीज करावी. उरलेल्यातून सीलबंद शून्य हवेचे सिलिंडर घ्यावेत आणि ते शाळेच्या प्रयोगशाळेला द्यावेत. शाळा चौकापासून दोनशे मीटरवर आहे. तिथली पोरे हवेचा रंग करडा काढतात. मी चित्रांचे प्रदर्शन पाहायला गेले होते. आभाळ करडे, सगळ्यांचे. बाईंना विचारले, निळा खडू संपला का? त्या म्हणाल्या, “खडू आहेत की. त्यांना असंच दिसतं.” कुणीही त्यात काही वावगे पाहिले नाही. मी यंत्राचे शून्य अकरा वेळा वर सरकवले. या पोरांचे शून्य जन्मतःच तिथे आहे. त्यांना एकदा तरी कळू द्या की हाताने सरकवता येतो तो आकडा, हवा नाही.

कलम सहावे. दादा.

माझी मोटारसायकल दादाला. तो मला नेहमी चिडवायचा, “तुझ्यापेक्षा मधमाश्या लवकर पोचतात.” आता त्याने चालवून बघावे. टायर नवे आहेत.

दादा कारखान्यात जमीनखरेदीचा अधिकारी आहे. तो वाईट माणूस नाही. बाबा गेले तेव्हा सगळे त्याने निभावले, माझे शिक्षणही. बाबांनी त्याला गावातल्या दोन खोल्या दिल्या आणि मला बाग दिली, तेव्हा तो हसून म्हणाला होता, “तुला दगड मिळाले.” आता त्या दगडांवर कारखान्याला भुशाचे कोठार हवे आहे. टेकडीची दुसरी बाजू त्यांनी आधीच घेतली आहे. या बाजूला वारा कारखान्याकडे जातो, कारखान्याकडून येत नाही. वर रस्ता नाही, चूल नाही, गाडी नाही. समितीला मोजायला हवी तशी जागा या खोऱ्यात एवढीच उरली आहे. कोठार बांधायला दुसऱ्या सात जागा आहेत. मी नकाशावर मोजल्या.

जानेवारीत तो करारनामा घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसला. आई होती, वहिनी इस्त्री करत होती.

“आठवड्यात सही कर. मार्चच्या आधी ताबा हवाय त्यांना.”

“मार्चच्या आधीच का, दादा?”

“मला काय माहीत?”

“तुला माहीत आहे.”

“बरं, माहीत आहे. मग? एका आकड्यासाठी चारशे माणसांचं काम बंद पाडशील? उणे एकसष्ट म्हणजे काय हे गावात किती जणांना कळतं, सांग. लोकांना हिरवा दिवा कळतो.”

“तो दिवा मी लावलाय.”

“मग राहू दे ना लागलेला!”

आई म्हणाली, “भांडू नका रे.” आईने दादाला कधी ‘नाही’ म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. मी मृत्युपत्र न करता गेले तर बाग आई आणि दादा यांच्याकडे निम्मी-निम्मी जाईल. मग आई सही करेल. दादा तिचा हात धरून कागदावर ठेवणार नाही; तो नुसता समोर बसेल. तेवढे पुरते.

म्हणून बागेचा एक चौरस फूटही या दोघांना देत नाही. दादा, तू हे वाचून चिडशील. चीड. पण चारशे कामगारांचे नाव घेऊ नकोस. त्यांच्या नाकांत काय जाते ते मोजायला मी सहा वर्षे पगार घेतला आणि मोजले नाही. त्यांच्या नावाने बोलायचा हक्क तुलाही नाही आणि मलाही नाही.

कलम सातवे. वरची बाग.

वरची बाग, त्यातली विहीर, फळझाडे, दगडी बांध आणि फाटक, सगळे मी वहिनीला देते. तिच्या एकटीच्या नावावर. तिच्या नवऱ्याचा, म्हणजे माझ्या भावाचा, त्यात हिस्सा नाही.

याची कारणे लिहिते, कारण दादा म्हणेल की बहिणीचे डोके फिरले होते.

वहिनीची लाँड्री आहे. दवाखान्याच्या चादरी तिच्याकडे धुवायला असायच्या, दिवसाला शंभर-सव्वाशे. ती गच्चीवर वाळत घालायची. तीन वर्षांपूर्वी ती दोन चादरी घेऊन माझ्या खोलीत आली आणि टेबलावर पसरल्या. पांढऱ्यावर पिवळट ठिपके होते, बोट लावले तर चिकट.

“मीटरबाई,” ती मला असेच म्हणते, “तुझं मशीन आणि माझ्या चादरी यांचं काही जमत नाहीये.”

“डिटर्जंट बदललंस का?”

“पंधरा वर्षं चादरी धुते. डिटर्जंटचा डाग धुतला की जातो. हा वाळताना येतो. हवेतून.”

“हवा स्वच्छ आहे, वहिनी. पुरावा आहे.”

“चादर म्हणजे पुरावा नाही?”

मी म्हटले, “नाही.” ती म्हणाली, “नाकानं कांदे सोलू नकोस,” आणि चादरी घडी करून घेऊन गेली.

पुढे दवाखान्याने ठिपक्यांबद्दल तक्रार केली. वहिनीने हवेचे कारण दिले. दवाखान्याने मापन कार्यालयाला पत्र लिहिले. कार्यालयाने माझ्याकडून दाखला मागितला. मी दिला: ‘सदर कालावधीत हवेतील प्रदूषकाचे प्रमाण शून्य ते सहा या दरम्यान होते.’ खाली सही. वहिनीकडून चादरींचे काम गेले. ती माझ्याशी भांडली नाही. गच्चीवरच्या तारा काढल्या, वाळवायचे मशीन घेतले आणि कारखान्याचे गणवेश धुवायला सुरुवात केली, कारण दुसरे मोठे गिऱ्हाईक गावात नाही. एकदा मी सहज विचारले, गच्ची रिकामी का? ती म्हणाली, “ऊन फुकट मिळतं आणि मी वीज जाळून कपडे वाळवते. तुझ्या सहीमुळे. चहा घेतेस?”

तिच्या चादरींवर रोज शंभर नमुने गोळा होत होते. ते माझ्या यंत्राहून खरे होते. मी मोजमापाचे शिक्षण घेतलेली आहे आणि समोर पसरलेले मोजमाप मी घडी करून परत पाठवले.

तो दाखला मी या कलमाने मागे घेते. तशी वेगळी प्रत दवाखान्याला पाठवली आहे. उत्तर नाही.

बागेबरोबर पुढील अटी आहेत. ४ मार्चला सकाळी सात वाजता फाटक उघडायचे आणि समितीच्या माणसांना सात दिवस मोजू द्यायचे. पेट्यांपासून वीस पावले लांब बसवायला सांगायचे. त्यांच्यापैकी कुणी बिडी-सिगारेट ओढली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून करायला लावायची. सात दिवसांनंतर बाग तुझी, वहिनी. ठेव, वीक, तारा बांधून चादरी वाळत घाल. पुढच्या पन्नास वर्षांवर मी अट घालत नाही. मेलेल्या माणसाने तेवढे मागू नये.

आकडा काय येईल ते मला माहीत नाही. मी तिथे एकदाच मोजले, पंखा बदललेल्या यंत्रावर. शून्य ते तीनच्या मध्ये येईल असा माझा अंदाज आहे. वीस आले तर मीही चुकले, आणि तेही छापावे.

कलम आठवे. अंत्यविधी.

साधा करावा. चौकातल्या फलकावर माझ्या निधनाची बातमी लावू नये. त्या फलकावर मला हिरव्यात यायचे नाही.

हे मृत्युपत्र मी स्वतः टंकले, दोनदा वाचले आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्या दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सही केली. त्यांना यातून काहीही मिळणार नाही. घड्याळवाल्या काकांनी सहीच्या आधी विचारले, “पोरी, मजकूर न वाचता सही करू का?” मी म्हटले, “काका, तुम्ही मजकुराला साक्ष नाही, माझ्या सहीला साक्ष आहात.” ते म्हणाले, “तरी वाचतो. न तपासता सही केली की काय होतं ते तूच सांगितलंयस ना?” त्यांनी चाळीस मिनिटे बसून सगळे वाचले. या ओळी मी त्यानंतर टंकल्या, मग सह्या झाल्या.

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिले: (सही) तळमजल्यावर घड्याळे दुरुस्त करणारे काका
साक्षीदार दुसऱ्या: (सही) दवाखान्याच्या रात्रपाळीच्या मुख्य परिचारिका

ठिकाण: खालच्या रस्त्यावरचे घर, मागची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी, सोमवार, दुपारी साडेतीन

वहिनीसाठी, प्रतीसोबत:

वहिनी, ही प्रत तुला आजच देते आहे, कारण माझ्यामागे तुला हे कळले तर तू अडकशील. आत्ता तू नाही म्हणू शकतेस.

यात तुझा फायदा नाही. बाग घेतलीस तर दादा घरात बोलणार नाही. किती दिवस, ते मला सांगता येत नाही. कारखाना गणवेशाचे काम बहुतेक काढून घेईल. ज्या बाईच्या सहीने तुझ्या चादरी गेल्या तीच आता तुझे गणवेशही घालवते आहे, हे मला दिसते. माफीच्या बदल्यात बाग देते असेही समजू नकोस. माफी वेगळी मागते, ती इथेच मागितली, तिला उत्तर नको. बाग हे ओझे आहे. ते तुला देते, कारण या घरात माझ्या तोंडावर माझे यंत्र खोटे आहे असे सांगणारी आणि मागे न हटणारी तूच होतीस.

मी शस्त्रक्रियेतून उठले तर फाटक मी उघडेन आणि तुला काही करावे लागणार नाही. नाही उठले, आणि तुझा नकार असला, तर ४ मार्चला फाटक बंद राहील. समिती फक्त आवारात मोजेल आणि एकसष्ट ही या खोऱ्याची नैसर्गिक हवा आहे असे कायमचे लिहिले जाईल.

नाही म्हणालीस तर मंगळवारी मला या कलमात दुसरे नाव घालावे लागेल. आठवडाभर शोधते आहे. सापडलेले नाही.

दादाला विचारायचे असेल तर विचार. आईला विचारू नकोस, ती तुला माझ्याकडे पाठवेल. बागेत जाऊन यायचे असेल तर चावी पाण्याच्या मीटरच्या पेटीत आहे. वर जाऊन एकदा श्वास घेऊन बघ. काय वास येतो ते मला सांगता येत नाही.

स्वीकारते किंवा स्वीकारत नाही, एवढेच एका ओळीत लिहून, खाली सही करून, वकीलबाईंच्या कार्यालयात दे. सोमवार, १६ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचपर्यंत.